हृदयातल्या भिंती

हृदयाच्या उजव्या निलयातले, म्हणजे खालच्या कप्प्यातले, रक्त डाव्या निलयात पोहोचते कसे? आज आठवीतले मूल सांगते, फुप्फुसांतून फिरून. हे उत्तर पक्के व्हायला वैद्यकाला तेराशेहून अधिक वर्षे लागली. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात रोमन साम्राज्यात गेलन हा नामांकित वैद्य होऊन गेला. माकडे, डुकरे, बैल अशा प्राण्यांचे विच्छेदन त्याने केले होते. दोन निलयांच्या मधल्या भिंतीवर त्याला खळगे दिसले. या खळग्यांच्या तळाशी डोळ्यांना न दिसणारी छिद्रे असणार आणि त्यांतून काही रक्त उजवीकडून डावीकडे झिरपत असणार, असे त्याने मांडले. गेलनचा अधिकार एवढा मोठा की, कोणीही न पाहिलेली ही छिद्रे पुढे शतकानुशतके खरी मानली गेली.

१२४२च्या सुमारास इब्न अल-नफीस या विद्वानाने ही कल्पना स्पष्टपणे नाकारली. दमास्कसमध्ये शिकून कैरोत वैद्यकी करणाऱ्या या माणसाने लिहिले की, ही भिंत भरीव आहे, तिच्यात दिसणारी वा न दिसणारी कुठलीही वाट नाही. रक्त फुप्फुसांतूनच डावीकडे येत असले पाहिजे. त्याचे हे लिखाण पुढे विस्मरणात गेले आणि १९२४ साली बर्लिनच्या ग्रंथालयातल्या एका हस्तलिखितात पुन्हा सापडले. युरोपात शरीररचनेचा अभ्यासक व्हेसालियसने १५४३च्या आपल्या ग्रंथात या अदृश्य छिद्रांबद्दल नवल व्यक्त केले आणि १५५५च्या दुसऱ्या आवृत्तीत उघड शंका घेतली. १६२८ साली विल्यम हार्वेने रक्ताभिसरणाचा सिद्धान्त मांडला, तेव्हा त्या छिद्रांची गरजच उरली नाही.

एका भिंतीबद्दलचा गैरसमज दूर झाल्याशिवाय रक्ताचा प्रवास उलगडला नाही, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे. हृदयाचे चार कप्पे आपण शाळेत पाठ करतो. पण कप्पा म्हणजे पोकळी, आणि पोकळीला आकार देतात त्या भिंती. कोणती भिंत जाड, कोणती पातळ, कुठे मांसल, कुठे नुसती पडद्यासारखी, हे एकदा समजले की हृदयाचे काम, त्याचे आजार आणि त्यावरचे उपचार यांचा अर्थ आपोआप लागत जातो. म्हणून या लेखात आपण रक्ताबरोबर एकेका कप्प्यातून जाऊ आणि प्रत्येक ठिकाणी भिंतीपाशी थांबू.

छातीतली जागा

प्रौढ माणसाचे हृदय साधारण २५० ते ३५० ग्रॅम वजनाचे, मालकाच्या मुठीएवढे असते. ते दोन फुप्फुसांच्या मधे, उरोस्थीच्या मागे असते. त्याचा सुमारे दोन तृतीयांश भाग मध्यरेषेच्या डावीकडे झुकलेला असतो. खालचे टोक डावीकडे, पाचव्या आणि सहाव्या बरगडीच्या मधल्या जागेत येते. डॉक्टर ठोका चाचपायला बोटे ठेवतात ती हीच जागा.

पाठ्यपुस्तकातल्या चित्रात हृदय सरळ उभे कापलेले असते. उजवे कप्पे एका बाजूला, डावे दुसऱ्या बाजूला. प्रत्यक्षात हृदय छातीत तिरपे आणि वळलेले असते. उजवे निलय पुढे येते आणि उरोस्थीच्या लगेच मागे असते. डावे अलिंद, म्हणजे डावीकडचा वरचा कप्पा, सर्वांत मागे जाते आणि अन्ननलिकेला टेकते. मधल्या भिंतीही त्यामुळे नाकासमोरच्या सरळ रेषेत नसतात, साधारण ४५ अंशांत तिरक्या असतात. हे तपशील रोजच्या उपचारात उपयोगी पडतात. डावे अलिंद अन्ननलिकेला चिकटून असल्यामुळेच अन्ननलिकेत नळी घालून केलेल्या इकोमध्ये ते फार स्वच्छ दिसते.

हृदयाच्या प्रत्येक भिंतीला तीन थर असतात. आतला गुळगुळीत अस्तराचा, मधला स्नायूंचा आणि बाहेरचा आवरणाचा. जाडीतला सगळा फरक मधल्या थरामुळे पडतो. या फरकामागचा नियम सोपा आहे: कप्प्याला जेवढ्या दाबाने रक्त ढकलायचे, तेवढी त्याची भिंत जाड.

उजवे अलिंद

वरच्या दोन कप्प्यांना अलिंद आणि खालच्या दोन कप्प्यांना निलय म्हणतात. जुन्या पुस्तकांत कर्णिका आणि जवनिका असे शब्द आढळतील. शरीरभर फिरून आलेले, ऑक्सिजन कमी झालेले रक्त आधी उजव्या अलिंदात येते. डोके आणि हातांकडचे रक्त ऊर्ध्व महाशिरेतून, पोट आणि पायांकडचे अधो महाशिरेतून. तिसरे, लहान तोंड हृदयाच्या स्वतःच्या शिरेचे असते. हृदयाच्या स्नायूंनी वापरलेले रक्त त्यातून परत येते.

या अलिंदाची भिंत जेमतेम २ मिलिमीटर जाड असते. आत पाहिले तर तिचे दोन भाग लगेच ओळखू येतात. मागचा भाग गुळगुळीत असतो. पुढचा भाग कंगव्याच्या दात्यांसारख्या समांतर स्नायूंनी भरलेला असतो. दोन्हींच्या सीमेवर एक उंचवटा असतो. त्याच्या वरच्या टोकाशी, ऊर्ध्व महाशिरा जिथे उघडते तिथे, हृदयाची लय ठरवणारा पेशींचा छोटा पुंजका बसलेला आहे. आर्थर कीथ आणि मार्टिन फ्लॅक यांनी तो १९०७ साली दाखवून दिला. डॉक्टर त्याला एसए नोड म्हणतात. प्रत्येक ठोका इथून निघतो.

अलिंदाचे काम रक्त साठवून एका झडपेपलीकडे सोडण्याचे आहे. निलय सैलावले की बरेचसे रक्त आपसूकच खाली उतरते. शेवटी अलिंद आकुंचन पावते आणि उरलेला वाटा खाली ढकलते. एवढ्या कामाला पातळ भिंत पुरते.

उजवे निलय

अलिंद आणि निलय यांच्यामधली झडप तीन पाकळ्यांची, त्रिदली. ती ओलांडली की रक्त उजव्या निलयात येते. याची भिंत ३ ते ५ मिलिमीटर. आडवा छेद घेतला तर पोकळी चंद्रकोरीच्या आकाराची दिसते, कारण मधली भिंत डावीकडून फुगून उजव्या निलयात शिरलेली असते.

आतला पृष्ठभाग खडबडीत असतो. स्नायूंचे उंचवटे एकमेकांत गुंतलेले आणि त्यांच्यामधे खोल खळगे. गेलनला दिसले होते ते हेच. विच्छेदनाच्या टेबलावर विद्यार्थी या खळग्यात बारीक सळई घालून पाहतात. सळई काही मिलिमीटर आत जाते आणि भरीव स्नायूला अडते. कितीही ठिकाणी घातली तरी पलीकडे निघत नाही.

याच भिंतीवरून खांबांसारखे स्नायू वर येतात. त्यांच्या टोकांपासून पांढरे, चिवट दोर निघून झडपेच्या पाकळ्यांच्या कडांना जोडलेले असतात. झडप मिटते ती रक्ताच्या दाबाने. निलय आकुंचन पावताना हे खांब स्वतःही आकसतात, दोर ताणून धरतात आणि त्यामुळे पाकळ्या अलिंदाच्या बाजूला उलटत नाहीत. मधल्या भिंतीपासून समोरच्या भिंतीकडे जाणारा एक मांसल पट्टाही इथे असतो. आकुंचनाचा विजेचा संदेश नेणाऱ्या तंतूंची उजवी शाखा या पट्ट्यातूनच पलीकडे जाते.

उजवे निलय रक्त फुप्फुस रोहिणीत सोडते. फुप्फुसे शेजारीच असतात आणि त्यांतल्या रक्तवाहिन्या रुंद, सैल असतात. पाऱ्याच्या २५ मिलिमीटरच्या आसपास दाब पुरतो.

डावे अलिंद

फुप्फुसांतून ऑक्सिजन घेऊन आलेले लालभडक रक्त डाव्या अलिंदात येते. साधारणपणे चार फुप्फुस शिरा, दोन उजवीकडून आणि दोन डावीकडून, त्यात उघडतात. भिंत ३ मिलिमीटरच्या आसपास आणि आतून बहुतांशी गुळगुळीत.

याला एक लांबट, अरुंद पिशवी जोडलेली असते. अलिंदाची लय बिघडून ते नुसते थरथरू लागले, म्हणजेच एट्रियल फिब्रिलेशन झाले, की या पिशवीतले रक्त साकळते आणि तिथे गुठळी होऊ शकते. ही गुठळी सुटून मेंदूत गेली तर पक्षाघात होतो. अशा रुग्णांना रक्त पातळ करणारी गोळी रोज न चुकता घ्यायला सांगतात ती याचसाठी.

डावे निलय

डाव्या अलिंदाच्या खाली दोन पाकळ्यांची झडप असते. डॉक्टरांच्या तोंडी ती मायट्रल. ती ओलांडून रक्त डाव्या निलयात येते. याची भिंत साधारण १ सेंटिमीटर, म्हणजे उजव्या निलयाच्या दोन-तीन पट जाड. छेद गोल दिसतो. टोकापर्यंत निमुळती होत जाणारी ही पोकळी सगळ्या बाजूंनी एकसारखी आत दाबली जाते.

इथले स्नायू थरांथरांत वेगवेगळ्या दिशांनी तिरके वळलेले असतात. आकुंचनाच्या वेळी हृदयाचा वरचा भाग एका दिशेला आणि टोक उलट दिशेला फिरते. ओला पंचा पिळताना दोन हात उलट फिरवावेत तसेच हे आहे. त्यामुळे स्नायू थोडेच आखडले तरी पुष्कळ रक्त बाहेर पडते. निलयात भरलेल्या सुमारे १२० मिलिलिटरपैकी ७० मिलिलिटर एका ठोक्याला महारोहिणीत जाते. मिनिटाला ७० ते ७५ ठोके धरले तर विश्रांतीच्या वेळी मिनिटाला सुमारे ५ लिटर, दिवसाला ७,००० लिटर.

उजवे निलयही प्रत्येक ठोक्याला जवळपास तेवढेच रक्त पाठवते. फरक दाबाचा आहे. डाव्या निलयाला टाळूपासून टाचेपर्यंत रक्त पोहोचवायचे असते, म्हणून तिथला दाब पाऱ्याच्या १२० मिलिमीटरच्या घरात जातो. वर्षानुवर्षे रक्तदाब वाढलेला राहिला तर या निलयाला रोज जास्त जोर लावावा लागतो आणि भिंत आणखी जाड होते. ही जाडी ताकदीची खूण नसते. जाड भिंत ताठर होते, नीट सैलावत नाही, आत पुरेसे रक्त भरत नाही आणि धाप लागू लागते. रक्तदाबाची गोळी बरे वाटले म्हणून बंद करू नये, त्याचे एक कारण या भिंतीत आहे.

मधल्या दोन भिंती

आता उजव्या आणि डाव्या बाजूंना वेगळे ठेवणाऱ्या भिंतींकडे येऊ. व्यवहारात त्यांना हृदयाचा पडदा म्हणतात.

दोन अलिंदांमधला पडदा पातळ असतो. उजव्या अलिंदातून त्याकडे पाहिले तर मधोमध अंगठ्याच्या नखाएवढा लंबगोल खड्डा दिसतो. त्याची कड वर आणि बाजूंना जाडसर, तळ अगदी पातळ. विच्छेदन केलेल्या हृदयात डाव्या अलिंदाच्या बाजूने दिवा धरला की, बाकी भिंत काळोखी राहते आणि या खड्ड्याचा तळ तांबूस उजळतो. प्रत्येक माणसाच्या हृदयातली ही गर्भावस्थेची खूण आहे. ती कशी उरते ते पुढे पाहू. उपचारात याच पातळ जागेचा उपयोग करून घेतात. संधिवाताच्या तापाने मायट्रल झडप आखडलेली असेल तर मांडीच्या शिरेतून तार उजव्या अलिंदात नेतात, या खड्ड्यातून सुईने वाट करून डाव्या अलिंदात शिरतात आणि फुगा फुगवून झडप मोकळी करतात. जपानी शल्यविशारद कांजी इनोउए यांनी १९८०च्या दशकात रूढ केलेल्या या पद्धतीने भारतातल्या असंख्य रुग्णांची छाती उघडण्याची वेळ टळली आहे.

दोन निलयांमधली भिंत निराळी. तिचा बहुतेक भाग जाड स्नायूचा, डाव्या निलयाच्या भिंतीएवढाच जाड. ती उजवीकडे फुगलेली असली तरी डाव्या निलयाच्या भिंतींबरोबर आकसते आणि त्याचाच भाग म्हणून काम करते. पण अगदी वर, महारोहिणीच्या झडपेच्या लगेच खाली, स्नायू संपतो आणि जेमतेम नखाएवढा पातळ, पांढरट पडदा लागतो. दिवा धरला तर तोही उजळतो. निलयांमधली सर्वाधिक जन्मजात छिद्रे याच पडद्याच्या आसपास आढळतात.

एक बारकावा शाळेच्या चित्रात सुटतो. उजवीकडची त्रिदली झडप भिंतीला डावीकडच्या मायट्रलपेक्षा थोडी खाली जोडलेली असते. त्यामुळे दोन्हींच्या मधे भिंतीचा एक छोटा तुकडा असा येतो की ज्याच्या एका बाजूला उजवे अलिंद आणि दुसऱ्या बाजूला थेट डावे निलय असते. इको करणारे डॉक्टर हा उंचीतला फरक मुद्दाम पाहतात. दोन्ही झडपा एका पातळीत दिसल्या तर अलिंद-निलयांमधला जोडभाग नीट घडलेला नाही, अशी शंका येते.

विजेची एकच वाट

अलिंदे आणि निलये यांच्यामधे आडवी भिंत अशी नसते. तिथे चार झडपांना धरून ठेवणारी चिवट तंतूंची चौकट असते. या तंतूंतून विजेचा संदेश जात नाही. वरचा संदेश खाली नेणारी नेहमीची वाट एकच. उजव्या अलिंदाच्या तळाशी, मधल्या पडद्यालगत, एव्ही नोड नावाचा पुंजका आहे. तिथे संदेश सेकंदाच्या दहाव्या भागाएवढा रेंगाळतो आणि तेवढ्यात अलिंदे रिकामी होतात. मग विल्हेल्म हिसने १८९३ साली वर्णन केलेल्या तंतूंच्या जुडीतून तो खाली उतरतो. ही जुडी निलयांमधल्या त्या नखाएवढ्या पातळ पडद्याच्या कडेने जाते, मग दोन शाखा होऊन भिंतीच्या दोन्ही बाजूंनी उतरते. जपानी संशोधक सुनाओ तावारा यांनी जर्मनीत मारबुर्ग येथे काम करताना १९०६ साली ही सगळी जोडणी मांडली.

या पडद्याजवळचे जन्मजात छिद्र शिवताना टाका या जुडीला लागला तर अलिंद आणि निलय यांचा ताळमेळ तुटतो. १९५०च्या दशकात अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात वॉल्टन लिलेहाय यांच्या बाल रुग्णांमध्ये हे घडत होते. त्यांनी विनंती केल्यावर १९५७ साली अर्ल बॅकेन या अभियंत्याने बॅटरीवर चालणारा, अंगावर वागवता येणारा पेसमेकर तयार केला.

भिंती घडतात कशा

गर्भाचे हृदय तिसऱ्या आठवड्याच्या अखेरीस, साधारण बाविसाव्या दिवशी धडधडू लागते. तेव्हा ते एक साधी नळी असते. नळी वळते, दुमडते आणि चौथ्या ते आठव्या आठवड्यात तिच्या आत भिंती उभ्या राहतात. आईला दिवस गेल्याचे नुकते कळत असते, तेवढ्यात हे काम जवळपास पुरे झालेले असते.

निलयांमधली भिंत तळापासून वर वाढते. वर राहिलेली फट मधल्या ऊतींनी भरून येते. तोच तो पातळ पडदा. वर एकच मोठी रक्तवाहिनी असते, तिच्या आत मळसूत्रासारखी फिरत जाणारी भिंत तयार होऊन महारोहिणी आणि फुप्फुस रोहिणी वेगळ्या होतात. या दोन्ही प्रौढपणीही एकमेकींभोवती वळलेल्या दिसतात त्या यामुळे. भिंत न वळता सरळच उतरली तर दोन्ही रोहिण्यांची अदलाबदल होते आणि बाळ निळे जन्मते.

अलिंदांमधली रचना सर्वांत नाजूक. पहिला पडदा छताकडून खाली येतो. तो तळाला टेकण्यापूर्वीच त्याच्या वरच्या भागात भोक पडते. मग त्याच्या उजवीकडे दुसरा, जाडसर पडदा उतरतो, पण तो अर्धवट थांबतो आणि मधे लंबगोल वाट मोकळी ठेवतो. पहिला पातळ पडदा या वाटेवर डावीकडून झडपेसारखा राहतो. उजवीकडून दाब आला की तो सरकतो आणि रक्त डावीकडे जाते. उलट बाजूने दाब आला की मिटतो.

ही वाट मुद्दाम राखलेली आहे. गर्भाची फुप्फुसे काम करत नसतात, ऑक्सिजन वारेतून मिळतो. वारेकडून आलेले चांगले रक्त फुप्फुसांकडे पाठवण्यापेक्षा सरळ डावीकडे वळवले तर ते मेंदूला आणि हृदयाला आधी मिळते.

बाळ जन्मते, पहिला श्वास घेते आणि फुप्फुसे फुलतात. त्यांच्यातला अडथळा एकदम कमी होतो, भरपूर रक्त तिकडे जाऊन डाव्या अलिंदात परत येऊ लागते. तिथला दाब उजवीकडच्यापेक्षा वाढतो आणि पातळ पडदा वाटेवर दाबला जातो. पुढच्या काही महिन्यांत तो बहुतेकांमध्ये कायमचा चिकटतो आणि तिथे तो लंबगोल खड्डा उरतो. सुमारे चौघांपैकी एकात तो पूर्ण चिकटत नाही, बारीक फट राहते. बहुतेकांना तिचा आयुष्यभर काही त्रास होत नाही.

छिद्र राहिले तर

जन्मणाऱ्या दर हजार बाळांपैकी आठ-नऊ बाळांच्या हृदयात काही ना काही जन्मजात दोष असतो. त्यांत निलयांमधले छिद्र, म्हणजे व्हीएसडी, नेहमी आढळणारे. अलिंदांमधल्या छिद्राला एएसडी म्हणतात.

छिद्रातून रक्त जास्त दाबाकडून कमी दाबाकडे, म्हणजे डावीकडून उजवीकडे जाते. शुद्ध रक्त पुन्हा फुप्फुसांकडे फेरी मारते, म्हणून बाळ निळे पडत नाही. पण फुप्फुसांत रक्ताची गर्दी होते आणि हृदयावर जास्तीचा भार येतो.

व्हीएसडीबद्दल पालकांचा एक गोंधळ नेहमी होतो. जन्मल्यावर डॉक्टरांनी तपासले, काही आवाज ऐकू आला नाही, आणि महिना-दीड महिन्याने सांगतात की छिद्र आहे. यात कोणाची हयगय असतेच असे नाही. जन्मतः फुप्फुसांतला दाब अजून बराच असतो, दोन्ही निलयांतला फरक कमी असतो, म्हणून छिद्रातून फारसे रक्त जात नाही. पुढच्या काही आठवड्यांत फुप्फुसांतला दाब उतरतो, तसा छिद्रातून जाणारा झोत वाढतो आणि आवाज उमटतो. मोठा आवाज म्हणजे मोठे छिद्र असेही नाही. लहान छिद्रातून झोत जोरात जातो आणि आवाज मोठा होतो. स्नायूच्या भागातली अशी बरीच लहान छिद्रे वाढत्या वयात आपोआप बुजतात.

एएसडी अनेकदा मुकाट राहते, कारण दोन अलिंदांतल्या दाबांत फरक थोडा असतो. मूल जरा लवकर दमते, सर्दी-खोकला जास्त होतो, एवढेच. कितीतरी जणांना ते तिशी-चाळिशीत, कधी बाळंतपणाच्या तपासणीत कळते.

मोठे छिद्र तसेच राहिले तर फुप्फुसांतल्या रक्तवाहिन्या सततच्या माऱ्याने जाड आणि अरुंद होतात. उजवीकडचा दाब वाढत वाढत डावीकडच्यापेक्षा जास्त होतो आणि प्रवाह उलटतो. अशुद्ध रक्त शरीरात जाऊ लागते, ओठ-नखे निळी पडतात. व्हिक्टर आयझेनमेंगरने १८९७ साली वर्णन केलेली ही अवस्था आली की, छिद्र बंद करण्याची वेळ निघून गेलेली असते. म्हणून व्हीएसडीत वेळेला एवढे महत्त्व आहे.

भिंती पहिल्या दोन महिन्यांत घडत असल्यामुळे त्या काळातल्या काही गोष्टी बाधतात. आईला रुबेला झाला, गरोदर राहण्यापूर्वीपासूनचा मधुमेह ताब्यात नसला, तर धोका वाढतो. डाउन सिंड्रोम असलेल्या बाळांपैकी जवळपास निम्म्यांच्या हृदयात दोष असतो. मात्र बहुतेक मुलांत एकच एक कारण सापडत नाही. ग्रहण पाळले नाही, हे खाल्ले, ते केले असे म्हणून सुनेला बोल लावणे अन्यायाचे आहे. भिंतीतल्या छिद्राशी ग्रहणाचा काडीचाही संबंध नाही.

दुरुस्ती

हृदय उघडून आतली भिंत डोळ्यांनी पाहत दुरुस्त करणे १९५२पर्यंत अशक्य वाटत होते. त्या वर्षी २ सप्टेंबरला मिनेसोटा विद्यापीठात जॉन लुइस यांनी पाच वर्षांच्या मुलीचे शरीर थंड करून, रक्तप्रवाह काही मिनिटे थांबवून एएसडी शिवले. ६ मे १९५३ रोजी फिलाडेल्फियात जॉन गिबन यांनी हृदय आणि फुप्फुसांचे काम करणाऱ्या यंत्राच्या आधाराने तसेच छिद्र बंद केले. २६ मार्च १९५४ रोजी लिलेहाय यांनी एका तान्ह्या मुलाचे व्हीएसडी बंद केले. त्या वेळी यंत्राऐवजी मुलाचा रक्तप्रवाह वडिलांच्या रक्तप्रवाहाला जोडला होता आणि वडिलांचे हृदय दोघांसाठी काम करत होते.

आज कडा नीट असलेली एएसडी मांडीच्या शिरेतून नेलेल्या तारेवरून दोन चकत्यांचे डिव्हाइस बसवून बंद करता येते. एक चकती पडद्याच्या डावीकडे, दुसरी उजवीकडे उघडते आणि मधे छिद्र झाकले जाते. काही महिन्यांत त्यावर हृदयाचे स्वतःचे अस्तर चढते. छातीवर व्रण राहत नाही. मोठ्या किंवा झडपेलगतच्या छिद्रांना अजूनही ओपन हार्ट शस्त्रक्रिया लागते.

निदान कठीण राहिलेले नाही. साध्या टूडी इकोत छिद्र कुठे आहे, किती मोठे आहे, रक्त कोणत्या दिशेने जाते हे दिसते. सुई नाही, दुखणे नाही. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची सुरुवात फेब्रुवारी २०१३ मध्ये पालघरला झाली. या कार्यक्रमात अंगणवाडीत आणि शाळेत येणारे पथक १८ वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी करते आणि त्यात जन्मजात हृदयदोषही पाहिले जातात.

घरातल्या बाळाकडे म्हणून एवढे लक्ष ठेवा. दूध पिताना दमते, थांबत थांबत पिते, कपाळाला घाम येतो, वजन वाढत नाही, छातीत वारंवार कफ होतो, रडताना ओठ किंवा जीभ निळी दिसते, यातले काहीही आढळले तर दात येत असतील, नजर लागली असेल म्हणून वाट पाहू नका. जवळच्या बालरोगतज्ज्ञांकडे किंवा सरकारी रुग्णालयात जा आणि इको करावा का, असे स्पष्ट विचारा. भिंतीतले छिद्र वेळेत कळले तर बहुतेक मुले शाळेच्या मैदानावर इतरांबरोबर धावतात.